अंतराळातली पंगत: वजनरहित अवस्थेत जेवतात कसं, हे शाळेत करून दाखवायचं असेल तर

२३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन. चांद्रयान-३ याच तारखेला, २०२३ साली चंद्रावर उतरलं. मराठवाड्यातल्या बऱ्याच शाळांत या दिवशी पुठ्ठ्याचं रॉकेट होतं, पोस्टर लागतात, भाषणं होतात. आणि भाषण संपलं की एखादं लेकरू हात वर करून विचारतं, "सर, ते वर जेवतात कसं?"

या प्रश्नाला नुसतं तोंडी उत्तर देऊ नये असं माझं ठाम मत आहे. "गोळ्या खातात", "ट्यूब पिळून खातात" अशी उत्तरं अजूनही दिली जातात आणि ती साठ वर्षं जुनी आहेत. जेवण ही लेकरांच्या रोजच्या ओळखीची गोष्ट. तिच्यातून गुरुत्वाकर्षण, पृष्ठताण, जडत्व, पचन हे सगळं दोन तासांत हातात येतं, आणि प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतही येतं. पहिल्यांदाच असा कार्यक्रम घेणाऱ्या शिक्षकांसाठी, पालकांसाठी आणि विज्ञान मंडळाच्या पोरांसाठी हे लिहितोय. सगळं सामान गावात किंवा तालुक्याच्या बाजारात मिळतं.

पहिली पायरी: तरंगणं म्हणजे पडणं

जेवणाकडे वळण्याआधी हे झालंच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं जादूचे प्रयोग होऊन बसतं. "तिथं गुरुत्वाकर्षण नसतं" हे वाक्य आधी वर्गाबाहेर काढा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं. परभणी ते मुंबई सरळ रेषेत जेवढं, साधारण तेवढंच. तिथं पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असते. मग वजन का जाणवत नाही? कारण स्थानक, त्यातली माणसं आणि त्यांचं जेवण हे सगळं एकत्रच पडत असतं. ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने पुढे जात असल्यामुळे ते पृथ्वीवर आदळत नाही, तिच्याभोवती पडत राहतं. दीड तासात एक फेरी होते.

हे दाखवायला पाण्याची रिकामी बाटली घ्या. तळाजवळ खिळ्याने भोक पाडा, बोट लावून पाणी भरा, झाकण उघडं ठेवा. बोट काढलं की धार लागते. आता कुणालातरी टेबलावर किंवा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं करून बाटली सोडायला सांगा. बाटली हवेत असेपर्यंत धार बंद होते. एवढ्या थोड्या वेळात सगळ्यांना दिसत नाही, म्हणून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा आणि लगेच फिरवून दाखवा. बाटलीही पडतेय, पाणीही पडतंय, मग पाण्याने बाटलीच्या भोकावर दाब द्यायचा कशाला? हा मुद्दा लेकरांच्या तोंडून येईपर्यंत थांबा. दोन-तीन बाटल्या जास्त ठेवा, पहिली हमखास फुटते.

दुसरी पायरी: काय न्यायचं, काय नाही

इथं जास्त वेळ द्या. माझ्या अनुभवात सगळ्यात रंगणारा भाग हाच.

एका टेबलावर काळा कपडा अंथरा. त्यावर आपलं रोजचं जेवण मांडा: ज्वारीची भाकरी, धपाटं, पोळी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लाह्या, चिक्की, घट्ट वरणफळं, केळ, मोसंबी. एकेक पदार्थ कपड्यावर धरून दोन तुकडे करायचे आणि खाली किती कण पडले ते बघायचं. जमिनीवर कण खाली पडतो, झाडून घेता येतो. स्थानकात तो पडत नाही. तो हवेत फिरत राहतो, डोळ्यात जातो, श्वासाबरोबर नाकात जातो, यंत्रांच्या फटीत शिरतो. हवा खेळती ठेवण्यासाठी तिथं पंखे सतत चालू असतात. त्यामुळे मोकळी सुटलेली वस्तू हळूहळू हवा ओढणाऱ्या जाळीकडे जाते आणि तिथं चिकटून बसते.

काळ्या कपड्यावर भाकरीचा निकाल लगेच लागतो. गरम असताना ती लवचीक असते, पण गार झालेली भाकरी मोडली की कडेचा पापुद्रा आणि पीठ कपड्यावर सांडतं. परभणी मोतीसारख्या टपोऱ्या ज्वारीची असली तरी हेच. पोळी मात्र पास होते. धपाटं तेलामुळे आणि ओलसर पिठामुळे बरंच टिकतं. कोरडी चटणी सपशेल नापास, पण तीच तेलात कालवून घट्ट गोळा केली की पास. लेकरं इथं वाद घालतात, घालू द्या. निकाल काळ्या कपड्याने द्यायचा, शिक्षकाने नाही.

मग दोन खऱ्या गोष्टी सांगा. मार्च १९६५ मध्ये जेमिनी-३ या यानात जॉन यंग यांनी गुपचूप सँडविच नेलं होतं. बाहेर काढल्यावर त्याचे कण सुटायला लागले आणि ते लगेच पुन्हा खिशात गेलं. यानात दोनच माणसं होती, तरी या प्रकरणाची चर्चा अमेरिकेच्या संसदेपर्यंत पोचली. दुसरी गोष्ट १९८५ ची. रोडोल्फो नेरी वेला हे मेक्सिकोचे अंतराळवीर आपल्याबरोबर तोर्तिया घेऊन गेले. तोर्तिया म्हणजे त्यांची पोळीच. ती मोडत नाही, गुंडाळता येते, हातात एकसंध राहते. तेव्हापासून अंतराळात पावाची जागा तिने घेतली ती आजपर्यंत. पोळीत भाजी गुंडाळून डब्यात देणाऱ्या आपल्या आयांना हे सांगितलंत तर त्यांना अभिमान वाटेल, आणि वाटायलाच हवा.

मिठाचं काय? तिथं मीठ पाण्यात विरघळवलेलं असतं आणि मिरपूड तेलात मिसळलेली. बाटली दाबून थेंब घ्यायचा. शाळेत रिकाम्या, स्वच्छ ड्रॉपरच्या बाटलीत मिठाचं पाणी भरून ठेवा, पुढे लागेल.

तिसरी पायरी: वाळवण आणि गरम पाणी

उन्हाळ्यात अंगणात, गच्चीवर खाटा टाकून सांडगे, कुरडया, पापड वाळवणाऱ्या घरांतल्या लेकरांना पाणी काढलं की अन्न टिकतं हे शिकवावं लागत नाही. अंतराळातल्या जेवणाचा मोठा हिस्सा याच तत्त्वावर चालतो. पाणी काढलं की वजनही घटतं, आणि रॉकेटवर प्रत्येक किलोला फार किंमत पडते.

फरक पद्धतीत आहे. उन्हात वाळवलेली भाजी आकसते, चिवट होते आणि पुन्हा फुलायला बराच वेळ घेते. अंतराळासाठी शिजवलेलं अन्न आधी गोठवतात. मग हवा काढून टाकलेल्या बंद पेटीत ठेवून हळूहळू ऊब देतात. बर्फ वितळून पाणी होत नाही, त्याची थेट वाफ होते. पदार्थाचा आकार तसाच राहतो आणि आत बारीक पोकळ्या उरतात. गरम पाणी घातलं की ते पोकळ्यांतून पटकन आत शिरतं आणि काही मिनिटांत जेवण तयार होतं.

सगळंच कोरडं नसतं. हवाबंद पाकिटात उच्च तापमानाला निर्जंतुक केलेले पदार्थ असतात. किराणा दुकानात मिळणारी, नुसती गरम करून खायची पाकिटं याच जातीची. ती तिथं ब्रीफकेससारख्या दिसणाऱ्या छोट्या तापकात ठेवून गरम करतात. सुकामेवा, बिस्किटं असं जसंच्या तसं खायचंही असतं. मालवाहू यान आलं की ताजी फळं येतात, आणि ती लगेच संपवली जातात.

आपल्याकडचं काम मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने केलं. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सॅल्यूत-७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा या प्रयोगशाळेने तयार केलेला सुजीचा हलवा, आलू-छोले आणि व्हेज पुलाव त्यांच्याबरोबर होता. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले ते गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस घेऊन, आणि तो त्यांनी सोबतच्यांना वाटलाही. आमरसाचं नाव काढलं की केसर आंब्याच्या मुलखातली लेकरं टाळ्या वाजवतात.

आता प्रत्यक्ष करा. पातळ पोहे कुरकुरीत भाजा. हळद, मीठ, साखर, कढीपत्ता, शेंगदाण्याचा कूट यांची तेलावर कोरडी फोडणी करून त्यात मिसळा. गार झाल्यावर अन्नासाठीच्या, झिप असलेल्या जाड पिशव्यांत प्रत्येकी एक वाटी भरा आणि हाताने दाबून हवा काढा. कार्यक्रमाच्या वेळी मेडिकलमधून आणलेली नवी, सुई नसलेली ५० मिलीची सिरिंज घ्या. झिप कोपऱ्यात बोटभर उघडून तिचं तोंड आत घाला आणि गरम पाणी सोडा. एका वाटीला साधारण अर्धी वाटी पाणी लागतं. पोह्यांप्रमाणे कमी-जास्त होतं, म्हणून आदल्या दिवशी घरी एकदा करून बघा. पाणी उकळून थोडा वेळ ठेवलेलं असावं, आणि ते मोठ्या माणसानेच भरावं. स्थानकातही पाकिटाला झडपेचं तोंड असतं, ते पाण्याच्या यंत्राच्या सुईवर बसवायचं आणि हवं तेवढं गरम पाणी मोजून घ्यायचं.

झिप बंद करून लेकरांना पिशवी बाहेरून मळायला द्या. पोहे हाताखाली हळूहळू मऊ होतात, पिशवीतला कोरडा खडखडाट बंद होतो, हळदीचा रंग सगळीकडे सारखा पसरतो. पाच-सात मिनिटं लागतात. तेवढ्यात पुढची तयारी करून घ्या.

चौथी पायरी: ताट मांडणं

ताट तिथं ठेवता येत नाही, बांधावं लागतं. पाकिटांच्या मागे वेल्क्रो असतं. जेवणाच्या टेबलावरही वेल्क्रो आणि चिकटपट्ट्या असतात. माणूस खुर्चीवर बसत नाही, पायाची बोटं खालच्या दांड्यात किंवा पट्ट्यात अडकवून उभ्यासारखा स्थिर राहतो.

शिलाईचं सामान मिळतं त्या दुकानातून वेल्क्रोची पट्टी आणा. जाड पुठ्ठ्यावर तिचे तुकडे चिकटवा आणि जोडीचे तुकडे पिशवीला, चमच्याला, कात्रीला लावा. हो, कात्री ताटातच असते, कारण तिच्याशिवाय पाकीट उघडत नाही. मग पुठ्ठा उलटा करा. जे खाली पडलं ते अंतराळात तरंगत गेलं असतं. हा एकच नियम फळ्यावर मोठा लिहा: एका वेळी एकच वस्तू मोकळी.

पाचवी पायरी: घास

पाकिटाची कड कापताना पट्टी पूर्ण तोडायची नाही, एका टोकाला लागलेली ठेवायची. तोडली तर तो सुटा तुकडा सांभाळत बसावं लागतं. चमचा लांब दांड्याचा असतो, म्हणजे पाकिटाच्या तळापर्यंत हात न भरता पोचतो.

अन्न चमच्यावर राहतं कसं? चिकटून. ओलसर, दाट पदार्थ पाकिटाच्या कडांना आणि चमच्याला पृष्ठताणाने धरून असतो. तपासायला चमचाभर घट्ट वरण घ्या आणि चमचा हळूच पालथा करा. पडलं नाही तर असं वरण वर चालेल. पातळ आमटी लगेच सांडते. ती तिथं न्यायची असेल तर नळीनेच प्यावी लागेल. म्हणून अंतराळातल्या भाज्यांचा रस्सा मुद्दाम दाट ठेवतात. १९६८ च्या नाताळात अपोलो-८ च्या अंतराळवीरांनी दाट रश्श्यातलं टर्कीचं मांस साध्या चमच्याने खाल्लं, आणि ट्यूब पिळण्याची गरज नाही हे सगळ्यांना पटलं.

हात मात्र सावकाश चालवायचा. झटका देऊन चमचा थांबवला तर चमचा थांबतो, घास पुढे जातो. एसटी ब्रेक मारते तेव्हा आपलं होतं तेच.

गिळण्याचा प्रश्न शास्त्रज्ञांनाही खरोखर पडला होता. वजन नसताना घास घशाखाली उतरेल का? १९६१ मध्ये युरी गागारिन यांनी ट्यूबमधली मांसाची पेस्ट आणि चॉकलेट खाल्लं, १९६२ मध्ये जॉन ग्लेन यांनी सफरचंदाचा गर खाल्ला, आणि दोघांनाही काही त्रास झाला नाही. अन्ननलिकेचे स्नायू मागून आवळत घास पुढे ढकलतात, तो वरून खाली पडत नाही. हे दाखवायला लांब पायमोज्यात लिंबू टाका आणि मोजा आडवा धरून मुठीने लिंबू मागून दाबत दुसऱ्या टोकाला न्या. काही जण लेकरांना उलटं लटकवून पाणी प्यायला लावतात. ते करू नका, ठसका लागून जिवावर बेतू शकतं.

सहावी पायरी: पाणी

पेयं पूड स्वरूपात पाकिटात असतात. पाणी भरायचं, नळी लावायची आणि प्रत्येक घोटानंतर नळीचा चिमटा बंद करायचा. तो उघडा राहिला तर पेय नळीतून बाहेर येऊन गोळे होऊन फिरतं. शाळेत सरबताच्या पाकिटाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून भागतं. सोडा किंवा कोल्ड्रिंक चालत नाही. इथं पोटात गॅस वर येतो आणि पातळ पदार्थ खाली राहतो, म्हणून ढेकर कोरडा येतो. तिथं दोन्ही मिसळलेलंच राहतं आणि ढेकराबरोबर पोटातलं बाहेर येतं.

पाणी येतं कुठून हे मराठवाड्यातल्या लेकरांशी बोलताना विशेष वेळ देऊन सांगा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. घरोघरी भांड्यांचं पाणी झाडांना आणि कपड्यांचं पाणी संडासाला अशी वाटणी झालेली लोकांनी पाहिली आहे. स्थानकावर तर रेल्वेही जात नाही. म्हणून तिथं घाम, श्वासातली वाफ आणि लघवी यांतलं पाणी गोळा करून, शुद्ध करून पुन्हा पिण्यासाठी वापरतात. २०२३ साली या यंत्रणेने ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचं उद्दिष्ट गाठलं. लेकरं आधी नाक मुरडतात. त्यांना सांगा की ते पाणी गाळून, शुद्ध करून आणि तपासूनच दिलं जातं.

सातवी पायरी: चव

वजन नसलं की शरीरातले द्रव डोक्याकडे सरकतात. चेहरा सुजल्यासारखा होतो आणि नाक चोंदतं. त्यामुळे जेवण मिळमिळीत लागतं आणि बरेच अंतराळवीर तिखट सॉस मागतात. प्रयोग सोपा आहे: नाक घट्ट दाबून बडीशेप चावायची, मग एकदम नाक सोडायचं. सोडल्या क्षणी चव येते. त्यानंतर पोहे नाक दाबून चाखायला द्या, आणि हवं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब आणि थोडी तेलातली चटणी. अंतराळात ठेचा का हवाहवासा वाटेल हे त्यांना आपोआप कळतं.

आठवी पायरी: आवराआवर

तिथं भांडी घासणं नाही. चमचा आणि कात्री ओल्या पुसण्याने पुसायची, रिकामी पाकिटं दाबून गुंडाळायची आणि कचऱ्यात बंद करायची. हा कचरा परत जाणाऱ्या मालवाहू यानात भरतात. त्यातली बरीच यानं वातावरणात शिरताना कचऱ्यासकट जळून जातात. आपल्या पिशव्या मात्र धुऊन, वाळवून पुढच्या वर्षी वापरा, फक्त सिरिंज आणि नळ्या नव्या घ्या.

लेकरं हे विचारतीलच

"तिथं स्वयंपाक करत नाहीत का?" जवळपास नाहीच. गरम हवा तिथं वर जात नाही, त्यामुळे उष्णता आपल्या भट्टीसारखी फिरत नाही. २०१९ च्या शेवटी खास बनवलेल्या छोट्या भट्टीत बिस्किटं भाजून बघितली. इथं वीस मिनिटांच्या आत होणाऱ्या बिस्किटांना नीट भाजून निघायला तिथं सुमारे दोन तास लागले.

"किती वेळा जेवतात?" तीन वेळा, आणि मध्ये थोडं खाणं. ऊन अंगावर पडत नाही म्हणून ड जीवनसत्त्व वेगळं देतात. हाडं झिजतात म्हणून रोज दोन-अडीच तास व्यायाम करावा लागतो, आणि जेवणात मीठही आटोक्यात ठेवतात.

"भाजी पिकते का?" ऑगस्ट २०१५ मध्ये स्थानकात वाढवलेली लाल लेट्यूसची (कच्ची खायची एक पालेभाजी) पानं अंतराळवीरांनी खाल्ली, २०२१ मध्ये तिथं मिरचीही आली. शुभांशु शुक्ला यांनी मूग आणि मेथी अंकुरवून बघितले, तो प्रयोग धारवाडच्या संशोधकांचा होता. हाच प्रयोग वर्गात पुढे चालू ठेवता येतो. दोन बंद डब्यांत ओल्या कापसावर मूग आणि मेथी पेरा. एक डबा सरळ ठेवा, दुसरा रोज सकाळी कुशीवर फिरवा. आठवडाभर मुळं कुठल्या दिशेला वळतात त्याची चित्रं काढायला सांगा. डब्याच्या झाकणाला आतून वाफ धरली की ते रोज थोडा वेळ उघडा, नाहीतर पावसाळ्याच्या दमट हवेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी येते.